लॅटिन जॅझ पियानो आणि पोटापाण्याचा प्रश्न

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. मुलगा बारावी सायन्सला, सीईटी तोंडावर आलीय आणि हा दिवसभर बेबो वाल्देस हा क्युबन पियानोवाला ऐकत बसतो, म्हणतो मला लॅटिन जॅझ (क्युबा वगैरेकडच्या तालांवरचा जॅझ) पियानिस्टच व्हायचंय, आणि तुमचा सरळ प्रश्न की यात पोट भरतं का.

आधी त्या बेबोचंच बघू, कारण मुलाला रेकॉर्डिंग पाठ असतील पण त्या माणसाचं घर कसं चाललं हे त्याने पाहिलेलं दिसत नाही. जन्म १९१८ चा, क्युबातला. १९४८ पासून हवानाच्या ट्रोपिकाना नाइटक्लबमध्ये नऊएक वर्षं पियानो वाजवायचा आणि अरेंजमेंटही लिहायचा, म्हणजे कुठल्या वाद्याने कधी काय वाजवायचं ते कागदावर मांडून द्यायचं. क्रांतीनंतर १९६० ला देश सोडला तो कायमचाच. १९६३ ला स्टॉकहोममध्ये एका मुलीच्या प्रेमात पडला, लग्न करून तिथेच राहिला आणि पुढची तीसेक वर्षं हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये पियानो वाजवला, लोक जेवतायत आणि हा वाजवतोय. १९९४ मध्ये पाकितो दिरिवेरा या सॅक्सोफोनवाल्याने बोलावलं म्हणून नवा अल्बम झाला, तेव्हा वय ७६! जगभर गाजला तो तर त्याच्याही नंतर, २००३ ला दिएगो एल सिगाला या स्पॅनिश फ्लामेंको गायकाबरोबरच्या अल्बममुळे.

घाबरवत नाहीये हां. पोट भरलं, पण नावावर नाही, हातातल्या कामावर. आपल्याकडेही सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही गोव्याची मंडळी हिंदी सिनेमात अरेंजर होती, गाणं उभं करायची ती आणि पोस्टरवर नाव संगीतकाराचं. म्हणून मुलाला नोटेशन धडाधड वाचता आणि लिहिता यायलाच हवं, नुसतं कानाने उचललेलं चालणार नाही.

घरी एक टेस्ट घ्या. क्लावे म्हणजे या संगीताचा पायाचा ठेका, दोन बारमध्ये (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) पाच ठोके, आधी तीन मग दोन. तुम्ही ते टाळीने धरा आणि त्याला उजव्या हाताने मोंतुनो (म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी पियानोची छोटी तालबद्ध ओळ), डाव्याने बेस, असं पाच मिनिटं न थांबता वाजवू दे. आपल्याला समेवर यायची सवय, तिथे बेस समेच्या आधीच येऊन बसतो आणि समेवर गप्प (मी हार्मोनियमवाला, माझी तर पहिल्या मिनिटात वाट लागली होती). वाजवताना क्लावे उलटा झाला (आधी दोन मग तीन) आणि त्याचा त्याला कळला, तर कान तयार आहे. नाही कळला तर अजून वर्षभर क्लास, मग बघू.

सीईटी देऊ दे, दोन महिन्यांनी काही बिघडत नाही. नंतर चेन्नईचं केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी हे संगीताचं कॉलेज प्रत्यक्ष जाऊन बघून या, फी आणि कोर्स तिथेच विचारा. अमेरिकेत बोस्टनचं बर्कली म्युझिक कॉलेज वगैरे स्कॉलरशिप मिळाली तरच, त्यासाठी घर गहाण टाकू नका. आणि ६१ कीजचा कीबोर्ड असेल तर ८८ वेटेड कीजवाला (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा) घ्या, सेकंडहँड चालेल, छोट्यावर त्याच्या डाव्या हाताला जागाच पुरत नसणार.