एक दिवस प्रार्थना राहिली म्हणून

"भावासाठी रोज प्रार्थना करते. एक दिवस राहिली आणि नेमकं त्याच दिवशी त्याचं वाईट झालं. हे माझ्यामुळेच ना?"

धुळे-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. विचारणारी बहुतेकदा पन्नाशी ओलांडलेली बाई असते. मंडळीत कुणावर संकट आलं की सगळे आधी तिच्याकडे धावतात. अशाच एका मावशींची ही गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

मावशी साक्रीकडून एसटीने आल्या. पिशवीतून दोनशे पानी वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. पानोपानी नावं होती: मुलं, सुना, सुरतला कामाला गेलेले पुतणे, शेजारची आजारी बाई, चर्चचे पाळकसाहेब. प्रत्येक नावापुढे रोजची बारीक खूण. पहाटे चारला गुडघे टेकायचे आणि क्रमाने एकेक नाव घ्यायचं. मधलं एखादं सुटलं अशी शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यात पत्र्याच्या घरात उकाड्याने रात्रभर डोळा लागला नसला तरी हेच. गुडघे सुजले होते.

एका तारखेखाली खुणा नव्हत्या. त्या दिवशी मावशी तापाने फणफणल्या होत्या. संध्याकाळी धाकट्या भावाची मोटारसायकल घसरली आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं.

"मन्हीच चूक व्हयनी, ताई."

भाऊ आता कसा आहे, असं मी विचारलं. मावशींनी मान खाली घातली. अपघातानंतर त्या त्याला भेटल्याच नव्हत्या. कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणाल्या. माझ्या मते खरं दुखणं इथे होतं. ज्या भावासाठी वर्षानुवर्षं पहाटे उठल्या, तो अंथरुणाला खिळला तेव्हा अपराधाच्या ओझ्याने त्याच्याकडेच पाठ फिरवून बसल्या होत्या.

त्यांनी बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याचा दाखला दिला. पहिल्या शमुवेलाच्या १२व्या अध्यायात तो लोकांना म्हणतो की तुमच्यासाठी प्रार्थना करणं सोडलं तर ते परमेश्वराविरुद्ध पाप ठरेल. मी तो अध्याय त्यांना मोठ्याने वाचायला लावला. लोकांनी हट्टाने राजा मागून घेतला आहे आणि शमुवेल तरीही त्यांना टाकत नाही, असा तो प्रसंग. तापातल्या एका दिवसाचा हिशेब तिथे कुणी मागत नाही. शिवाय शमुवेल प्रार्थना करत राहिला म्हणून पुढे तो राजा, शौल, वाट चुकला नाही, असंही झालं नाही.

मग लूकच्या शुभवर्तमानाचा २२वा अध्याय काढला. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, असं येशू आपला शिष्य शिमोन पेत्र याला सांगतो. त्याच रात्री पेत्र त्याची ओळख तीनदा नाकारतो. मावशींना विचारलं, "येशूची प्रार्थना कमी पडली का?" त्या दचकल्याच. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "नाही. तो परत आला ना." पेत्र पडणारच नाही, असं त्या प्रार्थनेत नव्हतं. परतल्यावर आपल्या भावांना स्थिर कर, एवढं मात्र त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्यासाठी प्रार्थना करणं म्हणजे त्याला धरून देवापुढे उभं राहणं, असं मी मनापासून मानते. त्या माणसाच्या आयुष्याची चावी आपल्या हाती येत नाही. आणि ती आपल्या हाती आहे असं वाटू लागलं की प्रार्थनेची भीती बसते.

मावशींना दोन कामं दिली. पहिलं, भावाला भेटायचं. कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून त्या गेल्या. भावाने सांगितलं की टायर पार गुळगुळीत झाला होता, गॅरेजवाला कधीचा बदलायला सांगत होता. तो रागावला होता, पण बहीण इतके दिवस फिरकली नाही म्हणून.

दुसरं, वही वाटून द्यायची. बायबलमध्ये अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना आपल्या लोकांसाठी वर धरलेले मोशेचे हात थकले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरले. मोशे दगडावर बसलेला होता, हे मावशींनी आधी कधी लक्षात घेतलं नव्हतं. त्यांनी महिला संघातल्या तिघींना नावं वाटली. आता त्या खुर्चीवर बसून प्रार्थना करतात.

पुन्हा पहिल्यापासून म्हणायची ती सक्ती मात्र नुसत्या बोलण्याने जाणारी नव्हती. त्याला मंत्रचळ म्हणतात. तो आजार आहे, विश्वासातली उणीव नाही. त्यासाठी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या चालू आहेत. शंका अजूनही येते, पण त्या परत सुरुवात न करता आमेन म्हणून उठतात. तुमच्या घरात कुणाचं असं होत असेल, तर पाळकांशी बोलाच, पण डॉक्टरांनाही दाखवा. जवळपास कुणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.