पीएम २.५ मध्ये (हवेतल्या २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांत) लाकूड-पेंढ्याच्या धुराचा वाटा किती? नुसतं पोटॅशियम मोजून कळेल का?

एकट्या पोटॅशियमवर भिस्त ठेवू नका. लाकूड-पेंढ्याच्या धुरात ते असतंच, पण मातीत, समुद्राच्या मिठात आणि फटाक्यांच्या धुरातही असतं. मोजायचंच तर पाण्यात विरघळणारं मोजा, कारण मातीतलं बरंचसं विरघळत नाही. किनाऱ्याजवळ असाल तर सागरी सोडियमच्या ०.०३७ पट वजा करा.

जास्त भरवशाची खूण म्हणजे लेव्होग्लुकोसन. लाकूड-पेंढ्यातलं सेल्युलोज साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापून तुटलं की ही साखर बनते; डिझेल-पेट्रोलच्या धुरात ती नसते. सोबत मॅनोसन, म्हणजे धुरातलीच तशीच दुसरी साखर, मोजा. लेव्होग्लुकोसन भागिले मॅनोसन हे गुणोत्तर सूचिपर्णी लाकडाला साधारण ३ ते ६ येतं, रुंदपर्णी लाकूड आणि पिकांचे अवशेष यांना बहुधा १० च्या वर. त्यामुळे शेवटची दोन यावरून एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

बहुतेकांचा हिशेब चुकतो तो पुढे. ‘लेव्होग्लुकोसन गुणिले ठरावीक आकडा म्हणजे एकूण धूर’ असं सरळ करतात. पण धुमसणारी आग लेव्होग्लुकोसन जास्त देते, भडकलेली आग पोटॅशियम. तोच ओंडका, तरी गुणक बदलतो! म्हणून दोन्ही मोजा आणि गुणक स्थानिक जळण, स्थानिक चूल यांवरूनच काढा. शिवाय हवेतले हायड्रॉक्सिल रॅडिकल (उन्हात बनणारे अतिक्रियाशील OH कण) लेव्होग्लुकोसन खातात, त्यामुळे कडक उन्हाच्या दिवसांत वाटा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. आसपास लिग्नाइट (तपकिरी कोळसा) जळत असेल तर उलट होतं. त्याच्या धुरातही लेव्होग्लुकोसन सापडतं.

कण गोळा करायला फिल्टर क्वार्ट्झचा घ्या, आधी ५५० अंशांवर काही तास भाजा, नमुना उणे २० अंशांत ठेवा. हवा न ओढलेला कोरा फिल्टरही प्रत्येक फेरीत सोबत न्या. तो नसेल तर कार्बनच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही, कारण क्वार्ट्झ सेंद्रिय वाफाही शोषतो. वजनासाठी टेफ्लॉनचा वेगळा फिल्टर लागेल.

तासातासाचं चित्र हवं असेल तर एथॅलोमीटर, म्हणजे कण किती प्रकाश शोषतात ते मोजणारं यंत्र, वापरा. ४७० आणि ९५० नॅनोमीटरवरच्या शोषणातून अँगस्ट्रॉम घातांक (तरंगलांबीनुसार शोषण किती झपाट्याने बदलतं ते सांगणारा आकडा) काढतात: वाहनांच्या काजळीला १ च्या आसपास, लाकडाच्या धुराला २ च्या आसपास. हे आकडे गृहीत धरलेले असतात, ते थोडे हलवले तरी वाटा बराच हलतो. रेडिओकार्बन चाचणी (कार्बन-१४ वरून कार्बन हल्लीच्या झाडांचा की जुन्या खनिज इंधनाचा हे सांगणारी) परवडत असेल तर ती मूलद्रव्यी कार्बनवर, म्हणजे काजळीवर, करा. सेंद्रिय कार्बनमध्ये झाडांच्या वाफांपासून बनलेले कण आणि स्वयंपाकाचा धूरही ‘ताजा कार्बन’ म्हणून मोजला जातो. मूलद्रव्यी कार्बन मात्र जवळजवळ सगळा ज्वलनातूनच येतो.