माणूस वाचणार नाही हे कळतं, तरी छातीत धडधड का होते?

प्रश्न: मॅडम, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंग्लिश स्पेशल. आम्हाला अमेरिकन लेखक जॅक लंडनची 'टू बिल्ड अ फायर' कथा आहे आणि तिच्यातल्या लिटररी एलिमेंट्सवर असाइनमेंट लिहायचीये. मी प्लॉट, कॅरेक्टर, सेटिंग, थीम असे कप्पे करून लिहिलं तर सरांनी 'यात तुझं काय आहे?' म्हणून परत दिली. मला अडलंय ते असं की त्या माणसाचं काही खरं नाही हे सुरुवातीलाच कळतं, मग हिला सस्पेन्सची कथा का म्हणतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अगं, हा जो अडलेला प्रश्न आहे ना तीच तुझी असाइनमेंट, कप्पे बाजूला ठेव आणि हाच धर.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉनमधला हिवाळा, सूर्य दिसतच नाही, एक माणूस कुत्र्याला घेऊन पायी निघालाय आणि संध्याकाळी सहापर्यंत त्याला सोबत्यांच्या कॅम्पवर पोचायचंय. वाटेत बर्फाखालच्या पाण्यात पाय भिजतात, आता शेकोटी पेटली तर जगला, नाहीतर गेला.

आता तो थुंकीचा प्रसंग परत वाच. उणे ५० फॅरनहाइटला थुंकी बर्फावर पडून तडतडते हे त्याला माहितीये, पण आज ती हवेतच तडतडली, म्हणजे थंडी त्याहून जास्त आहे, आणि हे कळूनही तो चालतच राहतो. लगेच निवेदक आपल्याला आकडा सांगून टाकतो, उणे ७५. त्याला नाही, आपल्याला! सस्पेन्स इथे आहे बघ. पुढे काय होणार यापेक्षा, आपल्याला कळलंय ते याला कधी कळणार, आणि कळेल तेव्हा हातात वेळ उरलेला असेल का, ही ती धडधड. कुत्र्यालासुद्धा अंगातूनच कळतंय की ही चालायची वेळ नाही, लंडन मुद्दाम त्याच्या मनात शिरून ते सांगतो. सल्फर क्रीक या तिथल्याच ठिकाणच्या एका अनुभवी म्हाताऱ्याने तर बजावलेलंच असतं की उणे ५० च्या खाली एकट्याने फिरू नये. म्हणजे वाचक, कुत्रा, म्हातारा सगळ्यांना धोका कळलाय, फक्त याला नाही. पॉइंट ऑफ व्ह्यू (कथा कोणाच्या नजरेतून दिसते) आणि फोरशॅडोइंग (पुढच्या घटनेची आधीच दिलेली चाहूल) असे दोन वेगळे पॅरा कशाला करायचे, दोन्ही मिळून हे एकच काम करतायत.

मग शेकोट्या बघ, एकूण तीन. पहिली दुपारी जेवताना, नीट पेटते. दुसरीही पेटते, आणि हा मनात त्या म्हाताऱ्याला हसतो, पण ती पेटवलीये स्प्रूस या सूचिपर्णी झाडाखाली कारण काटक्या ओढायला तिथे सोपं पडतं, प्रत्येक काटकी ओढताना झाड जरासं हलतं आणि शेवटी वरचा सगळा बर्फ खाली येऊन आग विझते. घात झाला तो त्याच्याच हातांनी, म्हणून नुसतं 'मॅन व्हर्सेस नेचर' लिहून थांबू नकोस, निसर्गाला त्याच्याशी काही देणंघेणंच नाहीये. तिसऱ्या वेळी बोटं मेलेली, सत्तर काड्या एकदम दोन्ही तळहातांच्या बुडात धरून पेटवतो, मांस जळल्याचा वास येतो आणि मग कुठे आत दुखायला लागतं. इथली वाक्यं मोठ्याने वाच, एकेका हालचालीला केवढी जागा दिलीये! आधी मैलच्या मैल भराभर संपत होते आणि आता एक काडी उचलायला पॅराग्राफ लागतो, हे गतीचं काम तुझ्या सरांना नक्की आवडेल.

अजून एक गोष्ट वापर. लंडनने हीच कथा आधी १९०२ मध्ये मुलांच्या एका साप्ताहिकात छापली होती, त्यात नायकाला टॉम व्हिन्सेंट असं नाव आहे, कुत्रा नाही आणि तो वाचतो. १९०८ च्या कथेत, म्हणजे तुला लावलीये तिच्यात, नाव काढलं, कुत्रा आणला आणि माणूस मेला. हे बदल का केले असतील यावर दोन पानं सहज होतील, माझ्या मते कुत्रा आल्यावरच कथा खरी उभी राहिली, कारण जे माणसाला कळत नाही ते कळणारं कोणीतरी आता त्याच्या शेजारी चालतंय.

सुरुवात थुंकीपासून कर, आणि थीम शेवटी आपोआप येईल, तिला वेगळं हेडिंग देऊ नकोस.