जळगावात राहून केवळ मराठी ब्लॉगवर घर चालवता येईल का?

चालवता येईल, परंतु पहिल्याच वर्षी ते होईल असे गृहीत धरून हातची नोकरी सोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ब्लॉगच्या उत्पन्नाचा विचार करताना बहुतेकांच्या मनात केवळ जाहिराती असतात, म्हणून आधी त्यांचाच हिशेब पाहू. गूगल ॲडसेन्स, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती दाखवून ब्लॉगलेखकाला पैसे देणारी गूगलची सेवा, मराठी मजकुरावर जाहिराती देते. खात्यात 10 डॉलर जमले की पत्ता पडताळणीसाठी टपालाने पिन (सांकेतिक क्रमांक) येतो आणि 100 डॉलर पूर्ण झाल्याखेरीज पैसे बँकेत येत नाहीत. हजार वाचनांमागे 50 रुपये मिळतात असे केवळ उदाहरणादाखल धरले, तरी महिन्याला 25,000 रुपयांसाठी पाच लाख वाचने लागतील, आणि नव्या ब्लॉगला ती सहसा मिळत नाहीत.

म्हणून विषय असा निवडावा की ज्यात वाचक थोडे असले तरी त्यांची गरज खरी असेल. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलच्या शेतकऱ्याला केळीवरील करपा रोग कसा ओळखावा, ठिबकमधून खत केव्हा सोडावे, ऊतीसंवर्धित (प्रयोगशाळेत तयार केलेली) रोपे घेताना काय तपासावे, हे त्याच्या भाषेत आणि बांधावरच्या छायाचित्रांसह नेमके सांगणारे लेखन दुर्मीळ आहे, आणि (हे मला फार महत्त्वाचे वाटते) ते मुंबई-पुण्यात बसून लिहिता येत नाही. अशा वाचकवर्गापर्यंत पोहोचण्यासाठी रोपवाटिका आणि ठिबक-विक्रेते थेट जाहिरात देऊ शकतात. शिवाय सशुल्क मार्गदर्शनही करता येते. मात्र पैसे घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्ट नोंदवावी.

सलग सहा महिने ब्लॉगचे उत्पन्न घरखर्चाइतके झाले आणि वर्षभराची शिल्लक गाठीशी असली, तरच राजीनाम्याचा विचार करावा.