"मम्मी, कॉफीच तर आहे"

लातूरला नीटच्या क्लासला पोरं ठेवलेल्या आया हल्ली मला विचारतात की लेकरू वेप म्हणजे ई-सिगारेट ओढतंय हे कळलं तर करावं काय. एक केस सांगते, ओळख लागेल असं सगळं बदललंय.

मुलगा रिपीटर, रूम करून राहणारा. सुट्टीत गावी आला तेव्हा आईला त्याच्या बॅगेत बरणी सापडली, वेपमध्ये भरून ओढायला ग्लिसरीनमध्ये भिजवलेली कॉफी, खाली गाळ. आई म्हणाली, "मॅडम, त्यो म्हणतो घरचंय, नॅचरल हाय, बाहेरच्या फ्लेवरपेक्षा चांगलं. मला कळंनाच रागवावं का नाही."

पोरगं हुशार होतं, मला म्हणालं फडक्यातून तीनदा गाळलंय मॅडम. म्हटलं गाळ निघाला रे, पण कॉफीच्या बीमध्ये तेल असतं ते फडक्यात कुठं अडकतंय, पोटात गेलं तर पचतं, फुप्फुसात वाफेबरोबर गेलं तर तिथं पचवायला काहीच नाही, सूज येते, तेलामुळं होणारा न्यूमोनिया वेगळाच असतो. आणि कॉफी भाजताना डायअसिटिल नावाचं द्रव्य आपोआप तयार होतं, खाण्यात ते चालतं, पण 2000 च्या सुमारास अमेरिकेत पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं ह्याच्याच वाफेनं कायमची गेली. हे ऐकून तो गप्प झाला. 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवायला, विकायला, ठेवायला बंदी आहे हे त्याला आधीच माहीत होतं, त्याचं काही वाटलं नव्हतं.

मग विचारलं ओढतो कधी, तर रात्री एकनंतर, झोप येऊ नये म्हणून. (अरे मग कॉफी पी की बाबा!) खरी गोम रूम पार्टनरच्या निकोटीनवाल्या वेपची होती, ते नाही मिळालं की चिडचिड, डोकं दुखणं. बरणी त्यानं स्वतःच ओतून दिली, निकोटीन मात्र अजून सुटलेलं नाही, 1800-11-2356 ह्या व्यसन सोडायला मदत करणाऱ्या सरकारी क्विटलाइनला फोन लावणं चालूय. मधेच म्हणाला, "पप्पांच्या खिशातली पुडी कोण काढणार?" त्यावर आई हसली, मी नाही, कारण मुद्दा बरोबर होता. पप्पांना पुढच्या वेळी बोलावलंय.

आईला एवढंच सांगितलं की रोज बॅग तपासू नका, मावशी-काकूंत चर्चा नको, पण खोकला राहिला, दम लागला, छातीत दुखलं तर दवाखान्यात न लाजता वेपचं सांगा, नाहीतर डॉक्टर साधा न्यूमोनिया समजून औषध देत बसतील.