चावी फिरली नाही म्हणून

“मॅडम, आईला विसरायचा आजार तर नाही ना सुरू झाला?” गाव सोडून मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांबद्दल हा प्रश्न मला समुपदेशक म्हणून महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. त्यातलीच ही एक हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काकू ६७ वर्षांच्या. यजमान गेल्यावर कोकणातल्या देवरुखजवळच्या गावातून मुलाकडे पुण्याला, वाकडमध्ये आल्या. सोसायटीत अकरा इमारती, सगळ्या सायीच्या रंगाच्या. एका संध्याकाळी खालून कोथिंबीर घेऊन त्या नवव्या मजल्यावर गेल्या, चावी लावली, ती फिरेना. जोर लावला तसं दार आतून उघडलं आणि समोर एक अनोळखी मुलगा. काकू ‘जी’ऐवजी ‘एच’मध्ये शिरल्या होत्या.

त्यानंतर दोन महिने त्या एकट्या खाली उतरल्या नाहीत. मुलाने जागा दाखवणारं घड्याळ आणून मनगटावर बांधलं. काकूंचं त्यावरचं मत, “गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात ना, तसं.”

आधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड, बी-१२, स्मरणशक्तीची चाचणी, सगळं ठीक निघालं. ही पायरी मी कधी गाळत नाही. वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या वाटेवर माणूस चुकायला लागला, पैशांचा हिशेब किंवा रोजचा स्वयंपाक विस्कटायला लागला, तर आधी डॉक्टरच गाठायचा.

मग मी एक चूक केली. घाबरलेल्या माणसाला भानावर आणण्यासाठी एक ठरावीक व्यायाम असतो. दिसणाऱ्या पाच गोष्टी सांगा, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. काकूंनी निमूटपणे केला आणि म्हणाल्या, “पाच वस्तू मोजून काय करू? त्या कुठल्या बाजूला आहेत ते कळायला हवं ना!”

नेमकं बोट ठेवलं त्यांनी. मी कागद पुढे केला आणि गावचं घर काढायला सांगितलं. दहा मिनिटांत कागद भरला. बेडं म्हणजे कुंपणाचं फाटक, दगडी गडगा, खाली पऱ्ह्याकडे, म्हणजे ओढ्याकडे उतरणारी पायऱ्यांची पाखाडी, तिच्या वळणावरचा फणस, वर कातळाचा सडा. दुसऱ्या कागदावर वाकडचं घर काढा म्हटलं, तर एक चौकोन आणि “ही लिफ्ट.” बस्स. दीड वर्षात त्या सोसायटीबाहेर गेल्या त्या मुलाच्या गाडीतून, तळघरातल्या पार्किंगमधून. जे कधी मनात उतरलंच नाही, ते विसरणार तरी कसं?

“सूर्य कुठून उगवतो तुमच्या घरी?” माझा पुढचा प्रश्न. काकू गप्प. गावी हे कुणी विचारलं असतं तर हसल्या असत्या. (पुण्याच्या पश्चिमेचा तो मावळ. सूर्य मावळतो तिकडचा मुलूख म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. आपल्याकडे दिशा अशी मुलखाच्या नावातच असायची. आता ती फोनमध्ये असते.)

जानेवारीत काम ठरलं. सकाळचा चहा गॅलरीत, पडदा सारून. उजेड कुठे पडतो ते पाहायचं. मग नातीचा हात धरून खाली, रोज एकाच दिशेला, आणि दिसेल त्याला स्वतः नाव द्यायचं. इमारतींची इंग्रजी अक्षरं वापरायची नाहीत. घड्याळ हातात राहू दे, पण वाट विचारायची ती डोळ्यांना.

मुलगा इंजिनिअर, त्याला हे बाळबोध वाटलं. त्याला मी मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओ’कीफ यांचं काम सांगितलं. १९७१ मध्ये त्यांनी उंदरांच्या मेंदूत विशिष्ट जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी दाखवल्या. पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना जागेची जाळी आखणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. २००० साली लंडनच्या टॅक्सीचालकांच्या अभ्यासात, रस्ते लक्षात ठेवणाऱ्या मेंदूतल्या भागाची, हिप्पोकॅम्पसची, मागची बाजू इतरांपेक्षा मोठी आढळली. मेंदू नकाशा काढतो, पण तुम्ही स्वतः वाट शोधली तर. त्यावर तो म्हणाला, “मग आम्ही आईला सारखं गाडीत घालून...” आणि थांबला.

शिमग्याच्या सुमारास काकू आल्या त्या बातमी घेऊनच. संक्रांतीला सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे उगवायचा, आता टाकीच्या डोक्यावर आलाय. घराकडे वळायची खूण म्हणजे इस्त्रीवाल्याच्या मागचा कडुलिंब. ‘एच’चं नाव त्यांनी ‘परक्याचं घर’ ठेवलं होतं. मग माझ्या खोलीकडे पाहून विचारलं, “ही खिडकी उगवतीची ना?” मला क्षणभर सांगता येईना.

मे महिन्यात सोसायटीचं रंगकाम निघालं. परांच्या बांधल्या, हिरव्या जाळ्या लावल्या, सगळ्या इमारती झाकल्या गेल्या. मुलाचा काळजीने फोन. संध्याकाळी काकूंचाही आला, पण तो तक्रारीचा. “कडुलिंबावरनं आले हो नीट घरी. पण एवढे पैसे खर्चून परत तोच सायीचा रंग देतायत!”