किल्ली कुणाच्या खिशात?

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शहराबाहेर दोन एकर जमीन देणारा दाता मिळालाय, व्हीलचेअर वापरणाऱ्या चाळीस जणांचं वसतिगृह उभं राहू शकतं, तुझ्या व्हीलचेअरवरच्या मैत्रिणीलाही तिथे जागा होईल, आणि तरी तुझं पाऊल अडखळतंय. अडखळू दे.

मोकळी हवा, वेळेवर जेवण, फिजिओथेरपी, सगळं असेल तिथे. पण रात्री दिवा कधी मालवायचा हे कोण ठरवणार? बहिणीला मुक्कामाला ठेवायचं तर कुणाची परवानगी घ्यायची? दाराची किल्ली कुणाच्या खिशात? व्यवस्थापकाच्या खिशात असेल तर ती संस्थाच झाली, मग आत चाळीस माणसं असोत नाहीतर चार.

आमच्या पिढीनं वसतिगृहंच बांधली. खेड्यातल्या मुलांना शाळा गाठायला तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, हे मी आजही ठासून सांगेन. पण शाळा संपल्यावर त्यांना गावात, शहरात, चार लोकांत राहता यावं याची तजवीज आम्ही केली नाही. ती चूक नव्या इमारतीत घालून पुन्हा करू नकोस.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ५ नीट वाच. समाजात राहण्याचा हक्क पहिल्याच पोटकलमात आहे. पण कुणावर ठरावीक ठिकाणी राहण्याची सक्ती होऊ नये, घरी मदतनीस मिळावा, यासाठी शासनानं ‘प्रयत्न करावा’ एवढंच दुसऱ्यात म्हटलंय. त्या क्रियापदाच्या भरवशावर बसलीस तर वर्षं जातील. जास्त मदतीची गरज असल्याचा कलम ३८ खालचा अर्ज तुझ्या मैत्रिणीला करू दे, आणि त्याच आठवड्यात भाड्याचं घर शोधायला लागा.

घर बघताना ‘लिफ्ट आहे, रॅम्प आहे’ यावर विश्वास ठेवू नकोस. तो रॅम्प बहुतेकदा मोटरसायकल चढवायला केलेला असतो. उताराचं प्रमाण १:१२ हवं. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांबी, तीन पायऱ्यांना ५.४ मीटर. दाराची फळी मोजू नकोस, दार उघडल्यावर उरते ती जागा मोज. ९० सेंटिमीटर हवी. घोडं अडतं ते बाथरूमपाशी. जुन्या इमारतींत ते दार अरुंद आणि आत उघडणारं. आत कुणी पडलं तर अंगच दाराला अडतं आणि बाहेरच्याला शिरता येत नाही, म्हणून ते बाहेर उघडणारं करून घ्या. खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची जागा लागते, कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच. कमोडशेजारच्या आधाराच्या दांड्यावर पूर्ण वजन येतं. नुसत्या टाइलमध्ये स्क्रू मारलेला दांडा उपटून येतो. भिंतीत खोल बसवायला सांग आणि स्वतः लटकून बघ. भाडेकरार तिच्या नावावर, तुझ्या संस्थेच्या नव्हे.

आता मदतनीस. इथेच बहुतेकांचं बिनसतं. सात दिवस वही ठेवायची: उठणं, शौच, अंघोळ, खुर्चीवर येणं, रात्री कूस बदलणं, प्रत्येकाला किती मिनिटं. मग कळतं की चोवीस तास माणूस लागत नाही. सकाळचे दोन-अडीच तास, संध्याकाळचे दोन आणि रात्री हाकेला कुणीतरी, असंही भागू शकतं. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोची बारा तासांची ड्यूटी घेतली की महागही पडतं आणि माणूस कधी बदलेल याचा नेम नाही. एकाच बाईवर सगळं टाकू नका. ती गणपतीला गावी गेली की व्यवस्था कोसळते. दोघी ठरलेल्या, तिसरी बदली म्हणून शिकवून ठेवलेली. कामं, वेळ, सुट्टी कागदावर. पगार तुझ्या मैत्रिणीनं स्वतःच्या खात्यातून द्यायचा. निवड तिची, नकारही तिचा. आई परस्पर फोन करून सूचना देऊ लागली की मालकीण बदलली असं समज.

‘पण ती स्वतःचं स्वतः करू शकत नाही ना?’ असं तू लिहिलंस तेव्हा मला राग आला. पोलिओनंतर अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्सना मानेखाली फारशी हालचाल नव्हती, श्वासाला यंत्र लागायचं. तशाच माणसांनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत स्वतंत्र जगण्याचं केंद्र चालवायला घेतलं. अंघोळ कोण घालतं हे विचारू नकोस. कधी, कशी आणि कुणाकडून, हे कोण ठरवतं ते विचार. किल्ली, पोरी, किल्ली.

तिच्या आईवर मात्र चिडू नकोस. ‘आमच्यानंतर काय?’ ही भीती खरी आहे, आणि वसतिगृहं याच भीतीवर भरतात. आईबाप धडधाकट आहेत तोवरच सुरुवात करा: आधी दोन रात्री, मग आठवडा, मग महिना. काय अडलं ते दर वेळी वहीत.

दात्याला सांग, जमीन नको. डिपॉझिट, बाथरूमची दुरुस्ती आणि मदतनिसांचा सहा महिन्यांचा पगार यांचा निधी कर. त्याचं नाव निधीला दे.

रविवारी मोजपट्टी घेऊन घर बघायला जाशील तेव्हा तिला बरोबर ने. बाथरूमची मापं मला कळव, दाराचं सगळ्यात आधी.